आमच्या घरातल्या कड्या

वर्धा, ता. १२ जून २०२५

ती. सौ. विजयमाला वहिनीस,
यमुनाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. चार दिवस पाहुणचार छान झाला, पण वहिनी, तुमच्या खडकीच्या फ्लॅटमधल्या कड्या गेल्या कुठे? एकाही दाराला आतून कडी नाही. आंघोळीला बसले की मी मोठमोठ्याने भजन म्हणायची, न जाणो कोणी आत यायचं. दादाने रिटायर झाल्यावर काटकसर करावी, पण इतकी?

आणि दादा मला रिक्षापर्यंत सोडायलाही आला नाही. भिंतीकडे तोंड करून बसून होता. बहिणीचा एवढा कंटाळा आला का? मला फार लागलं ते.

लोभ आहे तसा राहू द्या, कड्यांसारखा काढून ठेवू नका.

आपली,
यमुना

खडकी, पुणे, ता. २० जून

सौ. यमुनाताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. कड्या मीच काढल्या. फेब्रुवारीत हे मला शांतपणे म्हणाले, की आता जगणं पुरे झालं. त्या दिवसापासून मला बंद दाराची भीती वाटते. औषधं बदलून बदलून झाली, गुण नाही. तुम्हाला कळवू नको अशी त्यांनी शपथ घातली होती. ती आज मोडली.

आता सदाशिव पेठेत एका डॉक्टरांकडे रोज नेते. डोक्याला चुंबकाचं यंत्र लावतात, टकटक वाजत राहतं. शॉक नव्हे, हे जागेच असतात. पहिल्या दिवशी मात्रा ठरवताना यांचा अंगठा आपोआप हलला. तेव्हा म्हणाले, की कारखान्यात वरून हुकूम आल्याशिवाय काही हललं नाही, आणि इथे अंगठा मलाही विचारत नाही. किती महिन्यांनी थट्टा केली त्यांनी!

पण डॉक्टर विचारतात, जीव द्यावासा वाटतो का, तेव्हा हे हसून नाही म्हणतात. ते खोटं आहे हे मला कळतं. रात्री मी त्यांचा श्वास ऐकत पडते.

राग धरा, पण आमच्यावरची माया पातळ करू नका.

आपली,
विजयमाला

खडकी, पुणे, ता. ३ ऑगस्ट

चि. सौ. यमूस,
अनेक आशीर्वाद.

हिने तुला सगळं लिहिलं हे कळलं. आधी रागावलो, मग बरं वाटलं. तुला सोडायला आलो नाही, कारण खुर्चीतून उठवत नव्हतं. कंटाळा तुझा नव्हता, बाळ.

ठरलेले उपचार झाले. सकाळ पूर्वीइतकी जड जात नाही, एवढंच. बरा झालो असं लिहिणार नाही. परवा हिने कड्यांचा डबा पुढे ठेवला आणि तुम्हीच लावा म्हणाली. केवढी खुशीत होती! तुझ्या त्या बाथरूमची लावली. माझ्या खोलीपाशी आलो आणि हात चालेना. तिथेच बसून तिला सांगितलं, की ते विचार अजून येतात, ही कडी डब्यातच राहू दे. दोघंही रडलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही खरं ते सांगितलं. त्यांनी उपचार पुढे चालू ठेवलेत.

दिवाळीला ये. भजन म्हणायची गरज नाही. आणि रात्री तुला माझ्या खोलीत डोकवावंसं वाटलं, तर हाक मारू नकोस. दार नुसतं ढकल, उघडतं.

तुझ्या लोभावर टिकून असलेला,
हिंमतदादा