पेढे वाटल्यानंतरची मुलाखत

अण्णा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो काढायला दुसरी जागा नाही, म्हणून लिहितेय. गिरगावातल्या ज्या ऑफिसात तुम्ही शिपाई होतात आणि तुमच्या शब्दावर मी हिशेब लिहायला चिकटले, ते आता शेठच्या मुलाने बंद केलं. निघताना मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण कुठे दुसरं बघून ठेवायचं ना!" मी त्याच्या तोंडावर हसले. काय करणार?

बघून ठेवलं होतं, अण्णा. बी.कॉम. झाले तेव्हा विमा कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं हातात होतं. पण शेठ नुसते "पाठवून दे पोरीला" म्हणाले आणि तुम्ही येताना पेढेच घेऊन आलात. ना पगार ठरला होता, ना कामाचं काही. मी ओट्याशी उभी आहे, हात कणकेत, आणि तुम्ही देवापुढे पेढा ठेवून चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटत सुटलायत. परत आलात तेव्हा मी हळूच म्हटलं, "गुरुवारी विम्याच्या मुलाखतीला जाऊन येते. बघू तरी काय म्हणतात." तुमच्या पायात अजून चपला होत्या. "अख्ख्या चाळीचं तोंड गोड केलं मी. आता तू दुसऱ्याच्या दारात उभी राहणार? शेठला काय तोंड दाखवू?" आई भाजी ढवळत राहिली. गुरुवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

तुमचा शब्द राहिला. माझी उमेदीची वर्षं त्या एका खुर्चीत गेली. पगारवाढ मागायचीही सोय नव्हती, कारण शेठ लगेच म्हणायचे, "तुझ्या अण्णांनी कधी तोंड उघडलं नाही."

आता या वयात परत अर्ज करतेय. लोअर परळच्या एका ऑफिसाने मला निवडलंय, त्यांना लगेच उत्तर हवंय. दादरच्या एका शाळेत अकाउंट्सची जागा आहे, तिथली मुलाखत मंगळवारी. लेक म्हणते, "आई, लगेच हो बोलू नको. टाइम माग. सगळे तेच करतात गं." मी फोन उचलायचे आणि परत ठेवून द्यायचे. शेवटी काल फोन करून आठवडाभर वेळ मागितला. पलीकडची मुलगी "ओके मॅम, नो प्रॉब्लेम" म्हणाली आणि विषय संपला. कुणाचं नाक कापलं गेलं नाही. एवढं साधं होतं ते, आणि त्याचंच मला रडू आलं.

हे पाठवायचं कुठे, आणि पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. मंगळवारी दादरला जाणार आहे. अण्णा, तुम्ही असतात तर मी अजूनही गेले नसते. तुम्ही नाही आहात याचं आज मला बरं वाटतंय, आणि हे लिहिताना मी तुमच्या फोटोकडे पाठ करून बसलेय.