पाहणी झाली, भिंत ठीक

४ मार्च
पुन्हा ताईचा फोन. तिच्या वॉर्डातल्या भिंतीची भेग आता बोट जाईल एवढी झालीय. "तू समन्वय कक्षात ना? मग कर की समन्वय!" टोमणा मारल्याशिवाय तिला फोन ठेवताच येत नाही. ती सरकारी रुग्णालयात नर्स. बायकांचा वॉर्ड, एकवीस खाटा, सगळ्या म्हाताऱ्या, निम्म्या जणींना उठून बसताही येत नाही. बांधकाम खात्याने 'धोकादायक' असं लिहून दिलं की वॉर्ड रिकामा करता येईल. एक कागद हवाय. एक!

५ मार्च
बांधकामवाले म्हणतात, पाहणी झालेली आहे, भिंत ठीक आहे. कोणी केली? "अग्निशमनच्या पत्रात आहे बघा." अग्निशमनला फोन. "मॅडम, आम्ही आग बघतो, भिंती नाही. आरोग्य खात्याने कळवलं, ते आम्ही पुढे कळवलं."
आरोग्य खात्यातल्या बाई जेवायला गेल्या होत्या. चार वाजेपर्यंत जेवत होत्या!

९ मार्च
तिन्ही खात्यांची बैठक. मीच बोलावली. एकमेकांशी इतके गोडीगुलाबीने बोलत होते, की सोयरीक जमतेय असं वाटावं. "आपलं सहकार्य असंच राहू दे." पण चला, गाडी काढा, भिंत बघून येऊ — हे कोणी म्हणालं नाही. अर्ध्या तासाचा रस्ता! मीही म्हणाले नाही. माझं काम इतिवृत्त लिहायचं, मी खाली मान घालून लिहीत बसले. ठरलं काय? संयुक्त पाहणीची तारीख पुढच्या बैठकीत ठरवायची.
ताईला म्हटलं, काम मार्गी लागलंय. काय सांगणार दुसरं?

११ मार्च
ताईचे दोन मिस्ड कॉल. टोमणे ऐकायचं त्राण नव्हतं. उद्या करीन.

१२ मार्च
भिंत पडली. सकाळी सव्वादहाला. तीन म्हाताऱ्या जागच्या जागी गेल्या. ताई ढिगाऱ्याखाली होती, काढलीय. जिवंत आहे. आहे.

१५ मार्च
ताईचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. कोणाशी बोलत नाही. भाऊजी बाहेर बाकावर बसून असतात, चहा दिला तर हातात तसाच धरून ठेवतात.
मला रडू येत नाही. नुसता संताप येतोय. कोणीतरी पहिल्यांदा लिहिलं असणार ना — पाहणी झाली, भिंत ठीक! खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा तो कोण? सापडू दे मेला. सोडणार नाही! भाऊजींनाही तसं सांगितलंय.

१८ मार्च
सगळे कागद काढले. बांधकामच्या पत्रात संदर्भ अग्निशमनचा. अग्निशमनच्या पत्रात आरोग्याचा. आरोग्य खात्यातल्या बाईंनी आज मुकाट्याने फाईल पुढे सरकवली. त्यांच्या पत्रात संदर्भ समन्वय कक्षाच्या इतिवृत्ताचा. गेला ऑक्टोबर, मुद्दा सहा. 'पाहणी झाली. भिंत ठीक आहे.' खाली सही.
माझी सही.
मग आठवलं. बैठक संपताना बांधकामचे अभियंता उठता उठता म्हणाले होते, "लिहून टाका हो, उद्या जातोच आहे." मी लिहून टाकलं. ते गेले नाहीत. जानेवारीत बदली होऊन गावच सोडून गेले. आणि मी कधी विचारलंही नाही. माझंच वाक्य तीन खात्यांतून फिरून माझ्याकडे परत आलं, तरी मला ओळखू आलं नाही. पाच महिने!
त्या बाईंनी सही वाचली नसावी. म्हणजे अजून कोणालाच ठाऊक नाही. हे मनात आलं, आणि बरं वाटलं. शी! लाज वाटली पाहिजे मला.

१९ मार्च
दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

२० मार्च
ताईला सांगून टाकलं, एका दमात.  ती आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली. "भिंत पडायच्या आदल्या दिवशी माझ्या हाताखालच्या पोरी खाटा बाहेर काढायला निघाल्या होत्या. म्हणे, खड्ड्यात गेला तो कागद. मीच अडवलं त्यांना. म्हटलं, थांबा गं, माझी धाकटी आहे तिथे. ती बघतेय."