बोंडल्याचं दूध

४ ऑगस्ट, सोमवार
शलू बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे विहीणबाईंनीच ठरवलेलं, आणि इथे चेन्नईत, माहेरात मी एकटा. शलूच्या आईला, कुसुमला जाऊन दोन वर्षं झाली. ती असती तर... जाऊ दे.
बाळ छातीशी धरलं की नुसतं तोंड घासतं. पकडतच नाही. मग लालबुंद होऊन रडतं. आत जावं तर लाज वाटते, आणि न जावं तर दुसरं आहे कोण? भात करपला.

५ ऑगस्ट, मंगळवार
नाशिकहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. शलूला म्हणाल्या, "अगं, गाईच्या वासराला कळतं ते तुझ्या पोराला कळत नाही. दोष वासराचा नसतो." मग मला, "माहेरी म्हणजे आईकडे हो, बापाकडे नव्हे." जावई शेजारी मोबाइल धरून बसलेले.
वि.बाई रविवारी येणार. तोवर बाळ अंगावर प्यायलं नाही तर बाटली लावून नातवाला घेऊन जाणार. "तिला यायचं तर येऊ दे मागाहून."
मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. शलू माझ्याकडे बघत राहिली.

६ ऑगस्ट, बुधवार
बाळाचं वजन उतरलं. दवाखान्यातल्या नर्स, सेल्वी अक्का, घरी आल्या. बाटली वेण्डाम, नको म्हणजे नको. बाटलीतून आयतं मिळालं तर बाळ छातीशी कष्ट करणार नाही. आईचंच दूध काढून पालाडैने पाजा म्हणाल्या.
मैलापूरला देवळाच्या तळ्याजवळ भांड्यांच्या दुकानात मिळाली. हातात घेतली तर काय, हे तर आपलं बोंडलं! तीच छोटी वाटी, तीच चोच. आमची आई धाकट्याला यातूनच पाजायची.
शलूला टाक्यांमुळे बसवत नाही. म्हणून पाजायचं काम माझं. बाळाला उभट धरायचं, चोच ओठाला टेकवायची, ओतायचं नाही, जीभ पुढे येऊ द्यायची. ठसका लागला तर? पण सगळं प्यायलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
वजन थोडं चढलं. पण आता निराळंच. माझी चाहूल लागली की बाळ तोंड उघडतं, आणि शलूने घेतलं की पाठीची कमान करून किंचाळतं.
शलू म्हणाली, "माझ्याकडे रडतो नि तुमच्याकडे चोच उघडतो. मजा वाटते ना, बाबा?"
नाही म्हणालो. पण वाटते. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून माझी वाट कुणी पाहिली नव्हती.
मग ती म्हणाली, "आईच्या ऐवजी तुम्ही गेला असतात तर..." मीही मागे हटलो नाही. "तुझ्या आईला कुणी शिकवायला यावं लागलं नव्हतं," म्हणालो. ती भिंतीकडे वळली. जेवली नाही.
वि.बाईंना नावं ठेवतो मी. आणि माझं तोंड?

९ ऑगस्ट, शनिवार
अक्कांनी आज शलूला पुन्हा सगळं दाखवलं. मी पडद्याबाहेरून ऐकत होतो. बाळाला उघडं करून छातीवर निजवायचं. भुकेने बेभान व्हायच्या आधी धरायचं. आधी हनुवटी टेकवायची, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला जवळ ओढायचं, आपण वाकायचं नाही.
मग मला म्हणाल्या, "तात्ता," म्हणजे आजोबा, "तुम्ही दिसलात की याला वाटी पाहिजे. उद्या तुम्ही घराबाहेर. घेतलंच नाही तर हाक मारते, तेव्हा पाजा."
शलू हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. "तात्तांना घराबाहेर काढा" यावर हसली.

१० ऑगस्ट, रविवार
वि.बाईंची गाडी आज सेंट्रलला. अक्का सकाळीच आल्या. शलूने दार आतून लावलं, कडीचा आवाज मुद्दाम मोठा केला.
मी जिन्यावर. बोंडलं उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून बरोबर घेतलंय. इथेच लिहितोय.
बाळ रडतंय. माझ्यासाठीच रडतंय असं वाटतं. हाक यावी. नको, येऊ नये. नाही, यावी. काय माणूस आहे मी.
वि.बाईंचा फोन, ऑटोतून. "घेतलं का त्यानं?" मी म्हटलं, "बघतोय." "तुम्ही काय बघताय तिथं?" असं म्हणून फोन ठेवला.
रडणं थांबलं.
दमून झोपलं, की प्यायला लागलं? कान दाराला लावला. पंखा फिरतोय. अक्का काही बोलत नाहीत. शलू हळू काहीतरी म्हणाली, "बाबा" म्हणाली की "बाळा", ऐकू आलं नाही. हाक असती तर मोठ्याने मारली असती. पुन्हा आवाज नाही आला.
खाली ऑटो थांबली. वि.बाईंचा आवाज, ऑटोवाल्याशी मीटरवरून भांडतायत. "आणि ती पिशवी नीट धर रे, त्यात बाटल्या आहेत."
दार अजून बंद. जिना अरुंद आहे. मी पायरीच्या मधोमध सरकून बसलोय.