लोखंडाचे लाडू

काळाचौकी

चि. केतनला दमयंती आत्याचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तू वेळेवर जेवतोस ना? (फोनवर विचारलं की "हो हो" म्हणून कापतोस. पत्र कापता येत नाही.)

चूक मुळात तुझी. ओडिशात नेमकं काय काम करतोस विचारलं, तर म्हणालास, "आत्या, आम्ही लाडू वळतो." खाणीतल्या हलक्या दगडात लोखंड कमी आणि कचराच फार, म्हणून तो पिठासारखा दळायचा, धुऊन कचरा काढायचा, आणि ते पीठ तसंच भट्टीत टाकलं तर हवा खेळत नाही, म्हणून पाणी आणि चिमूटभर चिकणमाती घालून तिरक्या परातीत गोळ्या वळायच्या नि भाजायच्या, हे सगळं तू आठवड्याने सांगितलंस. तोवर मी चाळभर सांगून मोकळी झाले होते की आमचा केतन लाडवांच्या कारखान्यात साहेब आहे. मंडळाच्या रघुवीरने लगेच फळ्यावर लिहिलं, 'यंदाचा लाडूप्रसाद श्री. केतन यांजकडून'.

त्यात तू नमुना म्हणून त्या बोराएवढ्या गोळ्या पाठवल्यास. मी त्या (दुसरीकडे कुठे ठेवणार?) लाडवांच्या डब्यात ठेवल्या. रघुवीर आला, नाचणीचे समजून एक तोंडात टाकली, आणि दाढ गेली. माणूस भला. गाल धरून म्हणतो, "आत्या, पाक वायच कडक झालो गो."

डबा आता देवाजवळ आहे. संध्याकाळी एक गोळी तळहातावर घेऊन बसते. तीन गणपती झाले, तू आला नाहीस. फार आठवण येते रे. तुझा तो बेसूर आवाज नसला की आरती अर्धीच झाल्यासारखी वाटते. भट्टी विझवता येत नाही, रजा मिळत नाही, सगळं कळतं मला. (कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही.) तरी तू यायलाच हवं असं मुळीच नाही. मंडळाचे लाडू नेहमीसारखे मी एकटी वळेन. तुझ्या परातीपेक्षा माझा हात भरभर चालतो.

तुझी,
दमयंती आत्या

ता. क. फळा अजून तसाच आहे. रघुवीर पुसायला निघाला होता, मीच पुसू दिला नाही.

ता. क. दुसरा. अक्षर शेजारच्या रमाबाईंचं आहे, ओळखलं असशीलच. दिवाळीपासून माझ्या उजव्या हाताची मूठ मिटत नाही. बेसन मी भाजेन. वळायला तू ये.