फाटकावरचा सूर्य

बसवनगुडी, बंगलोर
१२ सप्टेंबर १९५८

ती. रत्नाकरदादास हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

फाटक बसलं. लोखंडी वेली, पानांची वळणं, सारं तू काढून दिलंस तसंच कल्लाप्पा लोहारानं उतरवलं. मामंजींना राजवाड्याचा थाट हवा होता, तो साधला. पण तुझा तो किरणांचा सूर्यमुखवटा अर्धा एका दारावर आणि अर्धा दुसऱ्यावर. फाटक उघडलं की सूर्याचे दोन तुकडे. परवा पहिल्यांदा उघडलं आणि त्याच दुपारी मामंजींच्या छातीत कळ आली. ते इस्पितळात आहेत, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. सूर्यनारायणाचं तोंड चिरणारं फाटक सुनेच्या माहेरानं दिलं, असं सासूबाई चारचौघांत म्हणाल्या. मामंजींचं काही बरंवाईट झालं तर या घरात मी वर मान करून कशी वावरू?

लोभ आहेच, आत्ता त्याची फार गरज आहे.
तुझी,
हेमा

मुंबई
१६ सप्टेंबर १९५८

चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. मामंजींची प्रकृती तारेनं कळव. तो सूर्य आपला सूर्यनारायण नव्हे गं. फ्रान्सच्या एका राजाला स्वतःला सूर्य म्हणवून घ्यायची हौस होती, त्या काळची ही नक्षी. असलं मोठं फाटक मानाची गाडी आली की उघडायचं, एरवी मिटलेलं, म्हणजे चेहरा अख्खा. बाजूचं लहान फाटक मी त्यासाठीच काढलंय. तूर्त तेच वापरा. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना त्या मुखवट्यात स्वतःचं कुंकू दिसतंय.

रागावली असलीस तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

बसवनगुडी, बंगलोर
२८ सप्टेंबर १९५८

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तार मिळाली असेलच. मामंजी काल सुखरूप घरी आले. त्यांना चालायची मनाई, म्हणून टॅक्सी थेट पायरीपर्यंत न्यायची होती. इतके दिवस आम्ही लहान फाटकानंच ये-जा केली, त्यामुळे टॅक्सी थांबली तरी कडीला कुणाचा हात जाईना. मी तर मागेच उभी. तेवढ्यात सासूबाईंनी ओवाळणीचं ताट माझ्या हाती दिलं, पुढे झाल्या आणि दोन्ही दारं सताड ढकलली. मामंजींनी टॅक्सीतूनच विचारलं, की सूर्य चिरला त्याचं काय. सासूबाई म्हणाल्या, चिरतोय कुठला, तुम्हाला वाट द्यायला तो स्वल्प बाजूला सरलाय, आता मुकाट्यानं आत चला. मला रडूच आलं.

संध्याकाळी शेजारच्या सत्यवती अक्का भेटायला आल्या. सासूबाईंनी त्यांना फाटकापाशी थांबवून सांगितलं, की हे आमच्या सुनेच्या माहेरचं.

आहे हा लोभ असाच राहू दे.
तुझी,
हेमा