क्ष सापडला म्हणून उठू नकोस

नागभीड, २ मार्च १९८४

प्रिय रंभे,

सप्रेम जयभीम. सोमवारी बीजगणिताचा पेपर तुझा आणि घोर मला. काल वरणात दोनदा मीठ पडलं. आईनं तेच वरण पुन्हा मागून घेतलं, म्हणजे तिचंही चित्त ठिकाणावर नाही. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र कंडक्टर देवरावभाऊंच्या हाती ब्रह्मपुरीला मावशीकडे पाठवते आहे.

ऑक्टोबरात दहावीला तू चार गुणांनी गेलीस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ६३, तर सर्वांत मोठी कोणती? तू क्ष बरोबर काढलास, एकोणीस, खाली दोन रेघा मारल्यास आणि उठलीस. अगं, मोठी विचारली होती, तेवीस. भात शिजला की वाढायच्या आधीच हात धुऊन मोकळं व्हायची खोड तुझी जुनीच. आणि विषम म्हटलं की क्ष अधिक एक लिहू नकोस, अधिक दोन. धानाच्या रोवण्याला बाया ओळीनं वाकलेल्या असतात ना, त्यात मधली एक सोडून मोजायचं. बांधावर तुला हेच शिकवत होते, तेव्हा तू शकुबाईला सोडून पुढे मोजलंस आणि ती दिवसभर फुगून होती.

मला बघायला सिरोंच्याची माणसं येऊन गेली. मुलगा बरा आहे, कमी बोलतो. होकार आला, मीही हो म्हटलं. तिकडे बाजारात तेलुगूच चालते म्हणे. साधं मीठ मागायचं तर कसं मागू, याचीच धास्ती घेतली आहे मी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्यांचा धाकटा मुलगाही लग्नाचा आहे, आणि भिंतीवरचा तुझा फोटो त्यांनी पाहिला. बाबा म्हणाले, "पोरगी पास झाली तं शिकू द्याचं, नाई तं दोघींले एकाच मांडवात उभं करतो." तुला हे कळवायचं नाही असं घरात ठरलं आहे, पण मला राहवलं नाही. खरं सांगू, तू माझी धाकटी जाऊ होऊन आलीस तर त्या परक्या मुलखात मला भीतीच उरणार नाही. हे मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. म्हणून सांगते, क्ष सापडला तरी बसून राहा, प्रश्न पुन्हा वाच. मांडवात मला एकटीलाच उभं राहू दे.

तुझीच,
आशाबाई