आतल्या बाजूची लाल कड

प्रिय दामारिस,

फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड. आणि वाचून होईपर्यंत दवाखान्यात जायला निघू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, तिकडे वर डोंगरात, पोलोला, पाऊल टाकू नकोस म्हणालीस, म्हणून कॉफीच्या ट्रकवाल्या एव्हेलिओच्या हाती हा कागद देतोय. तो म्हणाला, "प्रेमपत्र असेल तर भाडं पडेल हं." म्हटलं, इंजिनाबद्दल आहे. तर म्हणतो, "मग दुप्पट."

त्या दिवशीचं तू ऐकलंस ते तुझ्या पप्पांकडून. माझ्या मोटरसायकलचं इंजिन त्यांनीच नवीन बांधून दिलं होतं आणि थोड्याच दिवसांत ते वरून खडखडायला लागलं. मी गाडी त्यांच्या गॅरेजात नेली. बदामाच्या झाडाखाली डोमिनोचा डाव रंगलेला. तुझ्या पप्पांनी, डॉन उलीसेसनी, इंजिनाचं वरचं हेड उघडलं, आत फिरणाऱ्या कॅमच्या दांड्यावरचे ओरखडे पाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कोरडी पळवलीस. कॉलेज अर्धं, तेल अर्धं, उद्या लग्नही अर्ध्यातच सोडशील." सगळे टेबलावर सोंगट्या आपटून हसले. मी पाना फेकला. तो झाडाला लागला, माणसाला नाही, हे मात्र तुला कुणी सांगितलं नसणार. मग तुझा फोन आला. तू एवढंच विचारलंस, "तेल घातलं होतंस का?" आणि मी भडकून फोन ठेवला. भडकण्याऐवजी उत्तर द्यायला हवं होतं. ते आता देतोय.

तेल होतं, दामारिस. तेल मोजायची काडी पुसून पाहिली, खूण बुडेपर्यंत होतं. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, प्लग कोरडा होता, म्हणजे इंजिन तेल खात नव्हतं. खाली ओलही नव्हती, म्हणजे गळत नव्हतं. मग वरचा भाग तहानेने का मेला? नवा कॅम घातला, आणि गाडी सुरू करून हेडच्या बाजूचा लहान बोल्ट जरासा सैल केला. तिथून तेल झरायला पाहिजे. तू तुझ्या पप्पांना पाने देत मोठी झालीस, तुला माहीत आहे. आलं नाही. कडेला नुसतं ओलसर झालं, जत्रेत हरवलेल्या पोराच्या नाकासारखं. लगेच बंद केली. तेल खाली भरपूर, पण वर चढत नव्हतं. पंपावर संशय घेतला. उजवं कव्हर उघडलं, पंप सुटा केला, दाते तपासले, फिरवून पाहिला. पंप बिचारा ठणठणीत. मग तेल जिथून आत ओढलं जातं ती जाळी बाहेर काढली. ती अख्खी बुजली होती. लाल सिलिकॉनने. शेवयांसारखे तुकडे, एकात एक गुंतलेले.

बाराओनात लाल सिलिकॉन कोण वापरतं, हे मी तुला सांगायला नको. इथे प्रत्येक घरात गाडी बैठकीत, सोफ्याशेजारी झोपते. फरशीवर तेलाचा थेंब पडला की बायका आधी नवऱ्याला आणि मग मेकॅनिकला शिव्या घालतात. तुझ्या पप्पांचं नाव झालं ते त्यावरच. "उलीसेसची गाडी नवरीच्या पांढऱ्या झग्यावर उभी करा, डाग पडला तर पैसे परत!" थेंब पडू नये म्हणून ते पॅकिंगवर सिलिकॉन चांगलं जाड फासतात. कव्हर आवळलं की ते दोन्हीकडे बाहेर येतं. बाहेरचं ते अंगठ्याने इतकं सुरेख पुसतात की बघत राहावं. आतलं तसंच राहतं. तेलात भिजून हळूहळू सुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं.

मी ती जाळी खिशात घालून निघालो. चालताना भाषणसुद्धा तयार केलं होतं. जाळी डोमिनोच्या डावावर आपटायची आणि म्हणायचं, आता हसा. गॅरेजात पोचलो तर डॉन उलीसेस एका निळ्या गाडीच्या इंजिनाची कव्हरं बसवत होते. उजव्या कव्हरची कड अंगठ्याने पुसत होते, लेकराचं तोंड पुसावं तशी. आरशाला पिवळी रिबन. कुणाची म्हणून विचारलं तर डोमिनोवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "त्यांच्या लेकीची, नर्सबाईंची! पायी घाट किती दिवस चढेल पोरगी?" माझं भाषण तिथेच संपलं. तोंडातून निघालं ते भलतंच: "मारून टाकाल तिला!" पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. मला दोघांनी धरून रस्त्यावर आणलं आणि मागून तुझ्या पप्पांचा आवाज आला, "आधी काहीतरी पुरं कर, मग मला शिकव!" परत गेलो तर दार लावलेलं. सकाळी निळी गाडी ट्रकवर चढवून तुझ्याकडे रवाना झाली होती.

म्हणून हे पत्र. मी खरा की खोटा, ते राहू दे. तू मला परत घ्यावंस म्हणूनही हे लिहीत नाही (घेतलंस तर नको म्हणणार नाही). ती गाडी सुरू करू नकोस. आज तेल वर येईलही, तेवढ्याने फसू नकोस. पुढे कधीतरी पोलोच्या उतारावर तू वेगात असताना इंजिन जाम होईल, मागचं चाक अडकेल आणि बाजूला दरी आहे. उजवं कव्हर उघड. आतल्या बाजूला लाल कड दिसेल. ती नखाने खरवडून काढ, जाळी धू, नवं पॅकिंग नुसतं तेल लावून बसव, आणि मग बोल्ट सैल करून तेल येतंय ते बघ. कड दिसली नाही तर खाली येऊन त्याच झाडाखाली सगळ्यांसमोर मला खोटारडा म्हण, मी ऐकून घेईन. दिसली तर पप्पांना तिथे, त्या लोकांसमोर सांगू नकोस. रविवारी घरी जेवण झालं, कॉफी हातात आली, की तुझ्या तोंडून सांग. तुझं ऐकतील. त्यांनी अशाच बांधलेल्या गाड्या अजून पुष्कळ बैठकींत उभ्या आहेत. त्या उघडायला त्यांना माणूस लागेल. मला बोलावलं तर मी येईन, आणि शेवटच्या गाडीपर्यंत थांबेन.

पाना न फेकता,
तुझाच
एलिएझर